मुक्काम एकत्र, सायकली सुट्या

15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईच्या एका वेटलिफ्टिंग क्लबातले सहा पारशी तरुण सायकलवरून जग पाहायला निघाले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन आणि मग आग्नेय आशिया असा फेरा घालून 18 मार्च 1928 रोजी ते मुंबईत परतले, तेव्हा सुमारे 71,000 किलोमीटर झाले होते आणि माणसं उरली होती तीन. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. बाकीचे तिघे वाटेत वेगवेगळ्या टप्प्यांवर गळाले; त्यातल्या एकाने तर अमेरिकेतच बस्तान बसवलं. परत आलेल्या तिघांचं कौतुक झालं ते रास्तच. पण आज चार मित्र जमवून परदेशात सायकली न्यायच्या म्हणणाऱ्याने गळालेल्या तिघांचाही विचार करावा. निम्मी माणसं गेली तरी मोहीम चालू राहिली, कारण प्रत्येकाला स्वतःची सायकल, स्वतःचं पोट आणि स्वतःचा निर्णय सांभाळता येत होता.

महाराष्ट्रात सायकलवाल्यांची नवी पिढी गेल्या दीड दशकात उभी राहिली. पुणे-गोवा झालं, मनाली-लेह झालं, कोकण किनारा झाला, नाशिकहून पंढरपूरची सायकलवारी झाली. आता गप्पांत व्हिएतनाम येतो, डॅन्यूब येते, मध्येच कोणीतरी पामीरचे फोटो टाकतो. त्या गप्पांत प्रश्न मात्र ठरलेले: रोज किती किलोमीटर, कुठली सायकल, टायर किती जाडीचा? हे सगळं महिनाभरात शिकता येतं. चार माणसांचा स्वभाव महिनाभरात कळत नाही, आणि त्याची विचारपूस कोणी करत नाही.

देश कुठला, हे भारतीय माणसासाठी सायकलीपेक्षा पासपोर्ट ठरवतो. युरोपात जायचं तर शेंगेन व्हिसा. 90 युरो फी, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, आणि अर्जासोबत मुक्कामांची बुकिंग. म्हणजे पावसाने अडकलं तर एक दिवस थांबू आणि वाऱ्याने साथ दिली तर पुढच्या गावी जाऊ, हा सायकलप्रवासाचा मूळ स्वभावच अर्ज भरताना गुंडाळून ठेवायचा. त्यात चौघांपैकी तिघांना व्हिसा मिळाला आणि एकाचा अडला, तर गट निघण्याआधीच फुटतो. ज्यांच्या नशिबी हे सगळं जुळून येतं त्यांना जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतचा डॅन्यूबकाठचा मार्ग आहे: सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, बराचसा मोटारींपासून वेगळा, नदीच्या उतारासोबत आणि बहुतेक दिवस पश्चिमेच्या वाऱ्यासोबत. नदी ओलांडायला सायकली घेणाऱ्या छोट्या होड्या आहेत, श्ल्योगन इथलं नदीचं जबरदस्त वळण आहे, मेल्कचा मठ आहे, वाखाऊच्या द्राक्षमळ्यांत आणि जर्दाळूंच्या बागांत हवं तितकं रेंगाळता येतं. पैसे दिले तर तुमच्या पिशव्या दुसरं कोणी पुढच्या हॉटेलात पोचवतं. आई-वडिलांना किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन जायचं असेल तर यासारखी जागा नाही. मित्रांसाठी मात्र ती मला थोडी सपक वाटते. तिथं भांडायला कारणच उरत नाही.

दुसऱ्या टोकाला पामीर. किर्गिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानच्या दुशान्बेपर्यंत, अक-बैताल खिंडीत 4,655 मीटर उंची, गोर्नो-बदख्शान प्रांतासाठी वेगळा परवाना, आणि दिवसच्या दिवस दुकान नाही. लडाख केलेल्यांना उंचीचं भय नसतं, पण लडाखमध्ये मागून लष्कराचा ट्रक येतो. 29 जुलै 2018 रोजी दक्षिण ताजिकिस्तानात दंगारा भागात परदेशी सायकलस्वारांच्या गटावर हल्ला होऊन चौघे मारले गेले, हेही विसरता येत नाही. तरीही जगभरचे सायकलवाले तिथं जातात, आणि एकूण सायकलप्रवासात माणसापेक्षा ट्रकपासून धोका जास्त, हेच खरं. पहिल्याच परदेशवारीला मात्र पामीर नको.

मग पहिल्या खेपेला कुठं? माझं उत्तर व्हिएतनाम, आणि त्याची कारणं रोमँटिक नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून तिथं 90 दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो. अर्ज प्रत्येकाने आपापला घरबसल्या करायचा, प्रवेशाचं ठिकाण सांगायचं, आणि पासपोर्टावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवायचं. आपल्याकडच्या आडनाव-वडिलांचं नाव या घोळात ते शेवटचं काम दिसतं तितकं सोपं नाही. मुंबईहून थेट विमानं आहेत. छोट्या शहरांतसुद्धा ‘न्या न्यी’ म्हणजे साधी लॉज सापडतात, खोली स्वच्छ, सायकल बहुतेक वेळा खालच्या दालनात मालकाच्या मोटारसायकलींशेजारी. परदेशी माणूस कुठं झोपला याची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते, म्हणून पासपोर्ट काउंटरवर द्यावा लागतो. त्याच कारणाने तंबूचं ओझं न्यायचं कारण नाही. ते तीन-चार किलो वाचले हे पहिल्याच चढावर कळतं.

हनोई ते हो चि मिन्ह सिटी हे रेल्वेचं अंतर 1,726 किलोमीटर. सायकलने रस्ता निवडाल तसं ते वाढतं. रोज 80 धरले तर विश्रांतीचे दिवस मिळून जवळजवळ महिना जातो, आणि नोकरदार माणसाला महिनाभर रजा कोण देतो? म्हणून पूर्ण देश ‘करायचा’ हट्ट आधी सोडावा. मधला तुकडा सर्वांत श्रीमंत आहे. दोंग होयपासून दक्षिणेला निघालं की बेन हाय नदी लागते, जिथं 1954 नंतर दोन व्हिएतनामांची सीमा होती. जवळच समुद्रकाठी विन्ह मोकचे भुयारी मार्ग, ज्यांत बॉम्बवर्षावाच्या काळात अख्खं गाव राहत होतं. मग ह्वेची जुनी राजधानी, आणि ह्वे ते दा नांगमध्ये हाय वान घाट.

या घाटाबद्दल थोडं सविस्तर. उंची पाचशे मीटरला किंचित कमी, म्हणजे खोपोलीहून लोणावळ्याला सायकलने चढलेल्यांना जड जाऊ नये. गंमत वाहतुकीची आहे. 2005 साली डोंगराखालून सव्वासहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, मोटारी-ट्रक तिकडे गेले, आणि बोगद्यात सायकली-मोटारसायकलींना मज्जाव असल्यामुळे जुना घाटरस्ता दुचाकीवाल्यांच्या वाट्याला आला. इंधनाचे टँकर तेवढे वरून जातात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ढगात गेलेला डोंगर, माथ्यावर 1826 मध्ये बांधलेली वेस आणि तिच्याभोवती नंतरच्या युद्धांमधले काँक्रीटचे बंकर. आपल्याकडे खंडाळ्याच्या जुन्या रस्त्याचं असं काही होईल अशी आशा एक्स्प्रेस वे झाला तेव्हा वाटली होती. तिथं अजून काय गर्दी असते ते तुम्ही जाणताच.

घाट उतरून दा नांग, पुढे होई आन, आणि होई आनहून एका दिवसाच्या फेरीत मी सोन. चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं, चौथ्या शतकापासून तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंतच्या परंपरेची, विटांची, अर्धी बॉम्बहल्ल्यांत कोसळलेली. इथल्या काही मंदिरांचं जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केलं आहे आणि 2020 मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. आणखी दक्षिणेला न्या त्रांग आणि फान रांगलाही चाम मंदिरं रस्त्यापासून फार लांब नाहीत. (व्हिएतनामी नेत्यांना शिवाजी महाराजांपासून स्फूर्ती मिळाल्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतो. त्याचा आधार मला कुठं सापडलेला नाही. तिथल्या लॉजमालकाला तो ऐकवू नये.)

राष्ट्रीय महामार्ग 1 सगळ्यात सरळ आणि सगळ्यात कंटाळवाणा. ट्रक, हॉर्न, धूळ. शक्य तिथं समुद्राकडचे गावरस्ते धरावेत. पश्चिमेकडचा हो चि मिन्ह रस्ता देखणा आणि ओसाड. त्यातला खे सान्ह ते फोंग न्या हा सुमारे 230-240 किलोमीटरचा टप्पा जंगलातून जातो आणि तिथं राहायची, खायची सोय जेमतेम. तो गटाच्या दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवावा, पहिल्या आठवड्यासाठी नाही. ज्यांच्याकडे आठच दिवस आहेत त्यांनी सरळ मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात जावं: सपाट, कालवे, होड्या, आणि बेन त्रेची नारळाची गर्दी पाहून रत्नागिरीकराला घरच्यासारखं वाटेल.

हवामानाची एक अडचण खास मराठी आहे. आपली सामूहिक सुट्टी दिवाळीला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस. ह्वे आणि होई आनच्या रस्त्यांत पुराचं पाणी हे त्या दिवसांत नवल नाही. नाताळच्या सुट्टीत दक्षिण कोरडी असते, तेव्हा क्वी न्योनपासून खाली जाता येतं. ऑक्टोबर ते मार्च वारा ईशान्येकडून येतो, म्हणून किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याची पाठराखण करतो. उलट दिशेने निघालेले गट दुपारपर्यंत एकमेकांशी बोलायचे थांबतात.

सायकल भाड्याने घ्यावी की न्यावी? दहा दिवसांच्या आतली सहल असेल तर भाड्याची बरी, फक्त आपलं सीट आणि पेडल सोबत न्यावं, कारण पार्श्वभागाला परकं सीट चालत नाही. त्याहून मोठ्या प्रवासाला आपलीच सायकल. सायकलच्या दुकानातून रिकामं पुठ्ठ्याचं खोकं मागून आणावं, पेडलं काढावीत (डावं उलट्या आट्याचं असतं, हे माहीत नसलेला माणूस पाना मोडतो), हँडल वळवावं, मागचा डिरेलर सोडवून आत बांधावा. त्याचा हँगर म्हणजे तो छोटा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि परदेशातल्या गावात मिळण्याची आशा धरू नये, म्हणून प्रत्येकाने आपला जादा हँगर घ्यावा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत. महागडी सायकल असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं, म्हणजे परतताना ती तिकडून विकत आणली का, हा प्रश्न येत नाही. चौघांच्या चाकांचा आकार एकच असला तर जादा ट्यूबा निम्म्या लागतात. हवा भरायला आणि साध्या दुरुस्तीला मात्र तिथं चिंता नाही, रस्त्याकडेला कॉम्प्रेसर घेऊन बसलेला माणूस व्हिएतनामात दर काही किलोमीटरवर भेटतो.

आता गटाकडे. आपल्याकडचे बरेच चांगले सायकलवाले बीआरएममधून, म्हणजे वेळ बांधून दिलेल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांमधून घडलेले आहेत. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर 40 तासांत. ठरलेली ठाणी, ठरलेली वेळ, शिक्का मारला की पुढे. त्या शिस्तीने पाय घडतात यात शंका नाही. पण तीच सवय घेऊन परदेशात गेलेला माणूस सकाळी साडेपाचला दार ठोठावतो, चहाला सात मिनिटं देतो आणि संध्याकाळी सरासरी वेग सांगतो. त्याच्यासोबत फोटो काढायला थांबणारी, प्रत्येक बाजारात शिरणारी मैत्रीण असली की तिसऱ्या दिवशी ठिणगी पडते. दोघांचंही चुकलेलं नसतं.

यावर नेहमीचा तोडगा म्हणजे सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या वेगाने सगळ्यांनी चालवायचं. ऐकायला सहृदय, प्रत्यक्षात सगळ्यांनाच छळणारा. वेगवान माणसाचे पाय आखडतात, आणि हळू चालवणाऱ्याला दिवसभर आपण ओझं आहोत असं वाटत राहतं, जे जास्त वाईट. माझा अनुभव आणि मत असं की मित्रांनी एकत्र राहावं, एकत्र जेवावं, पण दिवसभर एकत्र चालवू नये. दुपारच्या जेवणाचं गाव आणि रात्रीचं गाव ठरवावं, मधलं ज्याचं त्याने. मुख्य रस्ता सोडून वळायचं असेल तिथं मात्र पुढच्याने मागच्यासाठी थांबायचं, हा एक नियम पाळला तर चुकामूक फारशी होत नाही. ओळीने चाकाला चाक लावून वारा कापण्याचा फायदा सामान लादलेल्या सायकलींना ताशी अठराच्या वेगात थोडाच. समोरून जोराचा वारा असेल त्या दिवशी तेवढं एकत्र यावं.

सुट्या सायकलींचा खरा लाभ वेगळाच आहे. चार मराठी माणसं एकत्र चालवू लागली की चाकं व्हिएतनामात आणि गप्पा पुण्यातल्या पार्किंगवर. एकटा माणूस मात्र रस्त्याकडेच्या झोपाळ्यांच्या कॅफेत थांबतो, जिथं कॉफीच्या दरात तासभर झुलत पडता येतं, शेजारच्या झोपाळ्यावरच्या ट्रकचालकाशी हातवारे करून बोलतो, शाळा सुटलेली पोरं त्याच्यासोबत सायकल पळवतात. संध्याकाळी चौघांकडे चार वेगळे दिवस सांगायला असतात. एकट्याने जग फिरणारे मोठेच. आपल्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये सुमारे 29,000 किलोमीटरचा पृथ्वीफेरा एकटीने केला. पण ते सगळ्यांना पेलणारं नाही, आणि रात्री सोबत हवी असण्यात कमीपणाही नाही.

सुटं चालवायचं म्हणजे प्रत्येकजण स्वतंत्र हवा. आपली ट्यूब, आपला पंप, आपलं सिम, ऑफलाइन नकाशा, खिशात स्थानिक पैसे, पासपोर्टची प्रत. पंक्चर काढता न येणाऱ्या मित्राला आधी दोन रविवार शिकवावं, मग तिकीट काढावं. हत्यारांची पिशवी आणि औषधं शेवटी चालणाऱ्याकडे, आणि शेवटचा माणूस रोज बदलायचा. तसाच रोज एक कारभारी नेमायचा: त्या दिवशी लॉज कुठलं, जेवण कुठं, हे तो ठरवणार, बाकीच्यांनी कुरकुरायचं नाही. चार जणांनी मिळून रोज संध्याकाळी लोकशाही पद्धतीने हॉटेल शोधणं यासारखी दमवणारी गोष्ट नाही.

संख्या चारच बरी. दोन खोल्या, एक टॅक्सी, एक टेबल. तिघांत दोघांचं जमतं आणि तिसरा पाहुणा होतो. सहाच्या पुढे गेलात की ती सहल राहत नाही, मागे सामानाची गाडी ठेवून व्यवस्थापक नेमावा लागतो, आणि अशा आयोजित सहली विकत मिळतातच. पैशांचं घरीच ठरवावं. खोली आणि जेवण वर्गणीतून, कॉफी-बिअर-खरेदी टीटीएमएम. त्याहून नाजूक म्हणजे पंखा की एसी, हा प्रश्न. एकाचा पगार दुसऱ्याच्या तिप्पट असतो आणि ते मैत्रीत कधी बोललं गेलेलं नसतं; रोज संध्याकाळी काउंटरवर ते बोललं जातं.

शाकाहारी मित्राची आठवण सगळ्यांना उशिरा येते. व्हिएतनामी स्वयंपाकात माशाचं सॉस सर्वत्र. भाजीच्या सुपातही. पण बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात, त्या दिवशी लहान गावातही ‘कम चाय’ म्हणजे शाकाहारी भाताच्या टपऱ्या लागतात. एरवी मोठ्या गावात शोधाव्या लागतात. थेपले आणि चिवडा न्यावा, पण चार दिवसांपुरता. जे पंधरा दिवसांचा नेतात ते घरचा फराळ संपवण्यासाठी परदेशी आल्यासारखे वागतात.

आजारी पडलेल्याला बसमध्ये बसवायचं, यावर निघण्याआधी सगळ्यांची संमती घ्यावी. पोट बिघडलेलं असताना ‘अजून तीसच किलोमीटर’ म्हणणारा मित्र शत्रूच. बसच्या पोटात सायकल सहसा जाते, भाडं चढण्याआधी ठरवावं. रेल्वेने पाठवलेली सायकल मात्र अनेकदा वेगळ्या मालगाडीने, तुमच्या मागून एखाद-दोन दिवसांनी येते, हे हिशेबात धरावं. दक्षिणेत अकरा ते तीन सावलीत पडून राहावं. मीठ, पाणी, ओआरएस. हेल्मेट तिथले लोक सायकलवर वापरत नाहीत, आपण वापरावं. आणि विमा घेताना सायकलप्रवास त्यात धरला आहे का, ते बारीक अक्षरांत वाचावं.

गट मोडण्याची शक्यताही आधी बोलून ठेवावी. कोणाला तीन दिवस एकट्याने पुढे जायचं असेल, कोणाला होई आनमध्येच राहायचं असेल, तर जाऊ द्यावं. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कुठं भेटायचं एवढं पक्कं असलं की पुरे. ज्या गटांनी ही मुभा आधी दिलेली असते त्यांच्यात ती वापरण्याची वेळ क्वचित येते, हे मी पाहिलं आहे.

तारखांचं शेवटचं. टेट म्हणजे व्हिएतनामी नववर्ष, त्या आठवड्यात दुकानं बंद, बस-रेल्वे भरलेल्या, खोल्या महाग. 2027 मध्ये टेट 6 फेब्रुवारीला आहे. हनोईची झिमझिम थोडी सोसायची तयारी ठेवून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेकडून निघा, पाऊस संपलेला असेल आणि वारा अजून पाठीशी असेल. रजेचा अर्ज आत्ताच टाका.